नगरची लुना, पाथर्डीची टायरगाडी



आपल्या जिल्ह्याच्या उद्योगांचा इतिहास लिहायचा म्हटले की लेखणी एका ठरलेल्या वाटेने जाते. नगरच्या फिरोदिया घराण्याने ऑटोरिक्षा आणली, टेम्पो आणला, लुना आणली. त्याआधी वालचंद हिराचंदांनी कुर्ल्यात मोटारीचा कारखाना काढला. मग दूरदृष्टी, राष्ट्रप्रेम, चिकाटी, काटकसर. यात खोटे काही नाही. ही माणसे कर्तबगार होती हे आम्ही मान्य करतो. पण गाडी कोणी काढली हे एकदा कळल्यावर पुढचे प्रश्न कोण विचारणार? गाडी बांधायला कोणाला घेतले? गाडीत कोणाला बसू दिले? आणि गाडीच्या मागच्या हौद्यात कोणाला भरून नेले?

पाथर्डी तालुक्यातल्या आम्ही लोकांनी तरी हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. नगर-दौंड रस्त्यावर लुना तयार होत होती तेव्हा आम्ही तिच्यापासून साठेक किलोमीटरवर होतो. करंजीचा घाट उतरला की नगर. तरीही आमच्या वस्त्यांमध्ये चाक आले ते कारखान्याच्या पगारातून आले नाही. ते उसाच्या ट्रकमधून आले.

चाकाला जात नसते असे शाळेत शिकवतात. चाकाला जात असते. गाडीचे चाक सुताराने करायचे, त्याला धाव लोहाराने चढवायची, गाडीत पाटलाने बसायचे आणि गाडीपुढे महाराने पळायचे, अशी ती वाटणी होती. वतनदार महाराच्या कामांची यादी काढून बघा. सरकारी टपाल पोहोचवणे, वसुलाची रक्कम तालुक्याच्या कचेरीत नेताना सोबत जाणे, आलेल्या साहेबाला वाट दाखवणे, त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहणे. आजच्या भाषेत बोलायचे तर टपालगाडी, जीप आणि मालट्रक या तिघांचे काम एका माणसाच्या पायांवर आणि डोक्यावर होते, तेही वेठीने. १८७४ च्या वतन कायद्याने या वेठीला सरकारी शिक्का दिला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याला दुरुस्ती आणण्याचे विधेयक मांडले. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. म्हणजे कुर्ल्यात मोटारी तयार होऊ लागून दहा वर्षे उलटल्यावर.

स्वतः बाबासाहेबांची चाकाशी पहिली गाठ कशी पडली? १९०१ साली, मसूर स्टेशनवर. वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेली लहान मुले, अंगावर चांगले कपडे, आणि जात कळताच एकही गाडीवान तयार नाही. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट घातली गेली : गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान सोबत पायी चालणार. पैसे दुप्पट, काम आपले, आणि विटाळ मात्र त्याला होऊ नये!

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ साली, चाळीसगाव. आता ते बॅरिस्टर आहेत, कायदेमंडळाचे सदस्य आहेत, सरकारने नेमलेल्या समितीच्या कामावर आहेत. स्टेशनबाहेरचा टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नाही. महारवाड्यातल्या लोकांना वाटले, आपला पुढारी पायी कसा चालेल? त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातला एक माणूस बसवला, ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. निघाल्या निघाल्या टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. हा प्रसंग आपण भाषणांत पुष्कळदा सांगतो, पण तो फक्त अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या रस्त्यावर मोटार होती. वस्तीतल्या माणसाच्या मनात मान होता, खिशात टांग्याचे भाडे होते. नव्हते ते कसब, कारण लगाम हातात घ्यायची संधीच कोणी दिली नव्हती. जातीने आपल्याला गाडीत बसण्यापासून रोखले हे आपण लक्षात ठेवतो. गाडी चालवायला आणि बांधायला शिकण्यापासून रोखले, हे विसरतो. पुढचा सगळा इतिहास या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

मोटार मुंबईत जुळू लागली ती १९२८ साली. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने शिवडीला कारखाना काढला आणि पेट्यांमधून आलेले सुटे भाग जोडून शेव्हरलेट गाड्या बाहेर काढल्या. त्याच १९२८ साली गिरणगावात मोठा संप चालू होता, आणि त्या संपात बाबासाहेब पुढाऱ्यांना विचारत होते की अस्पृश्य कामगाराला विणखात्यात का घेत नाहीत? तिथे मजुरी जास्त मिळे. कारण असे सांगत की धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा बाकीचे कसे वापरणार? हिंदू, मुसलमान, कॉम्रेड, सगळे एका खात्यात आणि आपली माणसे दुसऱ्या खात्यात. एक लाल बावटा, दोन पाणवठे.

आता शिवडीच्या कारखान्याकडे बघा. मोटारीला धोटा नसतो. पाना तोंडाने धरावा लागत नाही. म्हणजे विटाळाचे जे निमित्त गिरणीत होते ते इथे नव्हते. मोटार हा धंदा कोणत्याही जातीचा पिढीजात धंदा नव्हता. तो सगळ्यांनाच नवा होता. मग हे खाते तरी आपल्याला मोकळे झाले का?

याचे उत्तर बाबासाहेबांनी रेल्वेचे उदाहरण घेऊन दिले होते, आणि ते आपल्या शेजारी, मनमाडला. फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद तिथे भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी त्या भाषणातली, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असते. पण त्याच भाषणात ते पुढे काय सांगतात ते वाचायचे राहून जाते. रेल्वेत आपला माणूस गँगमन होतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण स्टेशनमास्तरच्या घरी पाणी भरायला पोर्टर लागतो. वर्कशॉपमध्ये तो हमाल असतो, मेकॅनिक क्वचितच होतो. लोखंडाला विटाळ नसतो, तरी लोखंडाच्या कामात जात घुसली होती. ती धोट्यातून आली नाही, बढतीतून आली.

म्हणूनच १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी सरकारला जे निवेदन दिले त्यात नोकऱ्यांसोबत तांत्रिक शिक्षणाची मागणी ठेवली : सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के राखीव जागा मिळाल्या. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यात आठवड्याचे ४८ तास ठरले. या तासांचा फायदा पुढे मोटार कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराने घेतला, तो कोणत्याही जातीचा असो. त्यातल्या किती जणांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, हा प्रश्न विचारायचा मोह आम्ही आवरतो.

इथे एक आडवळण घेतले पाहिजे, कारण यंत्राचा विषय निघाला की आपल्यातलेही काही जण हल्ली खेड्याच्या आणि बैलगाडीच्या गोडव्यात रमतात. बाबासाहेब रमले नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी गांधीवादावर जे लिहिले त्यात यंत्राची बाजू ठामपणे घेतली आहे. यंत्र नसेल तर माणसाला फुरसत नाही, फुरसत नाही तर माणूसपण नाही. दोष यंत्राचा नाही, यंत्र ज्या समाजरचनेच्या ताब्यात आहे तिचा आहे. ज्याच्या डोक्यावर ओझे आहे त्याला ट्रक हवाच असतो. ट्रक वाईट असे म्हणणाऱ्याने आधी ते ओझे आपल्या डोक्यावर घेऊन करंजीचा घाट चढून दाखवावा.

तर, कुर्ला. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली, क्रायसलरशी करार केला, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्याआधी, १९३० च्या दशकात, विश्वेश्वरय्या आणि वालचंद यांनी हिंदी मोटार कारखान्याची योजना आखली होती आणि ब्रिटिश सरकारने ती होऊ दिली नव्हती. हा अन्याय होता, आणि तो प्रत्येक पुस्तकात लिहिलेला आहे. वालचंदांचा दुसरा मोठा धंदा कोणता? साखर. रावळगाव, वालचंदनगर. ही जोडी लक्षात ठेवा, साखर आणि मोटार. पुढे पाथर्डीच्या माणसाच्या नशिबात हीच जोडी आली, फक्त उलट्या बाजूने.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितले की नुसते भाग जोडणाऱ्यांनी जावे, इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम असणाऱ्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. देशी कारखान्यांना मोकळे रान मिळाले. म्हणजे या उद्योगाला संरक्षण होते, आरक्षण होते म्हणा ना! परदेशी गाडीवर जबर जकात, परवान्यांची मर्यादित संख्या, ठरलेले गिऱ्हाईक. वीस-पंचवीस वर्षे देशाने या कारखान्यांना स्पर्धेपासून सांभाळले, त्याची किंमत गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबणाऱ्या गिऱ्हाइकाने दिली. हेच उद्योग आज खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाचा विषय काढला की गुणवत्तेवर बोलतात. ज्यांनी सरकारी कुंपणाच्या आत बाळसे धरले त्यांनी दुसऱ्याच्या कुबड्या मोजू नयेत.

कारखान्याच्या दारातून आत जायला काय लागत होते? ओळख. चिठ्ठी. आत असलेला भाऊ, मेहुणा, गाववाला. ज्या गावचा पहिला माणूस आत गेला त्या गावची रांग मागून गेली. ही पद्धत वरवर जातीची दिसत नाही, पण जातीचे नातेच तिच्या पोटात असते, कारण आपल्या देशात मेहुणा जातीबाहेरचा नसतो. पुढे कागद लागू लागला : मॅट्रिक, मग आयटीआय. १९५० पासून सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना चालवली, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला, आणि १९७३ मध्ये त्याला दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी जागा राखल्या गेल्या. लक्षात घ्या, ही उमेदवारी खाजगी कारखान्यालाही लागू होती. पण ती उमेदवारीच होती. वर्षभर पाना धरायचा, प्रमाणपत्र घ्यायचे आणि दारातून बाहेर. कायम करायचे की नाही हे पुन्हा चिठ्ठीवर.

कामगार संघटनांनी काय केले? प्रीमिअरमध्ये दत्ता सामंतांचा जोर झाला तेव्हा पगार वाढले, हे आम्ही नाकारत नाही. पण संघटनेने दाराच्या आतल्या माणसाच्या पगारासाठी जीव दिला आणि दारात कोण उभा आहे हे पाहिले नाही. मनमाडला सांगितलेल्या दोन शत्रूंपैकी एकाशीच लढाई झाली.

आपल्या लोकांसाठी मोटार खरी उघडली ती दुसऱ्या दाराने. १ जून १९४८. पुण्याहून निघालेली लाकडी बॉडीची पहिली एस.टी. कुठे आली? नगरला. राज्याच्या एस.टी.चा इतिहास आपल्या जिल्ह्यात सुरू होतो याचा अभिमान सगळेच मिरवतात, आम्हीही मिरवतो, पण वेगळ्या कारणाने. तिकीट काढले की जागा मिळते, ही गोष्ट मसूर आणि चाळीसगावनंतर किती मोठी होती ते समजून घ्या. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सार्वजनिक वाहनात मज्जाव करणे गुन्हा ठरले. गावच्या हॉटेलात कप वेगळा राहिला, पण एस.टी.च्या बाकावर बूड टेकले ते टेकले. कंडक्टर 'उतर' म्हणू शकत नव्हता. मुले तालुक्याच्या शाळेत जाऊ लागली, आजारी माणूस नगरच्या दवाखान्यात जाऊ लागला, आणि ६ डिसेंबरला गावेच्या गावे मुंबईला जाऊ लागली.

त्याहून मोठी गोष्ट डेपोत घडली. एस.टी. सरकारी महामंडळ, म्हणून तिथे राखीव जागा. ड्रायव्हर, कंडक्टर, हेल्पर, मेकॅनिक. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या एस.टी.च्या कार्यशाळांमध्ये चेसिसवर बसची बॉडी बांधली जाते. हाही मोटार उद्योगच की! फक्त त्याच्या मालकाचे चरित्र कोणी लिहीत नाही, कारण त्याचा मालक आपण आहोत. चाळीसगावच्या ज्या माणसाला टांग्याचा लगाम धरता येत नव्हता, त्याचा नातू खाकी घालून पन्नास माणसांची गाडी करंजी घाटातून नेऊ लागला, आणि मागे पाटीलही बसलेला असे. बिल्ल्याच्या जोरावर हे झाले. तो बिल्ला संविधानाने दिला.

आता नगरच्या कारखान्याकडे येऊ. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील, मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे एक पुत्र नवलमल यांनी ऑटोरिक्षाचा पुरस्कार केला आणि १९५८ पासून जर्मन कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी टेम्पो काढला. दुसरे पुत्र हस्तीमल यांची कायनेटिक, आणि तिची लुना १९७२ सालची. माणसाने माणसाला ओढणारी रिक्षा जावी आणि इंजिनाची यावी, हा नवलमल फिरोदियांचा आग्रह होता आणि तो माणुसकीचा होता. आम्ही त्याला मनापासून दाद देतो. एवढेच वाटते की ज्या जिल्ह्यात महार साहेबाचे सामान डोक्यावर वाहत होता, त्या जिल्ह्यातल्या सुधारकांना माणूस माणसाला ओढतो हे दिसायला शहरातली रिक्षा बघावी लागली.

१९७२! हे साल पाथर्डीच्या म्हाताऱ्या माणसांना लुनाचे म्हणून आठवत नाही. ते दुष्काळाचे साल. खडी फोडायची, रस्त्यावर टाकायची, नाला-बांध घालायचे, आणि सुकडी व लाल ज्वारीवर दिवस काढायचे. आमच्या आया-आज्यांनी फोडलेल्या खडीवर तालुक्यातले कितीतरी रस्ते झाले. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. लुना, दुष्काळ, पँथर : एकाच वर्षाचे तीन इतिहास, आणि जिल्ह्याच्या गौरवग्रंथात येतो तो पहिलाच. रस्त्याशिवाय लुना कशावर पळणार होती, हे मात्र विचारायचे नाही.

लुना आपल्या वस्तीतही आली, पण उशिरा. ती आणली मास्तरांनी, ग्रामसेवकांनी, टपाल खात्यातल्या माणसांनी, म्हणजे राखीव जागेवर नोकरीला लागलेल्या पहिल्या पिढीने. पॅडल मारत चालू करायची, चढाला पुन्हा पॅडल मारायची, मागे बायको आणि पुढे पिशवी. बौद्धवाड्यातून सकाळी लुना बाहेर पडायची तेव्हा वेशीत बसलेल्यांच्या डोळ्यांत ती खुपायची. आज हसू येते, पण त्या पन्नास सीसीच्या आवाजाने गावाची हवा थोडी बदलली होती. गाडीवर बसलेल्या माणसाला 'ए' म्हणून हाक मारणे अवघड जाते.

बाकीच्यांचे काय झाले? ज्यांच्याकडे नोकरी नव्हती, वतनाची जमीन हातून गेलेली किंवा पावसावर पडीक, त्यांच्याकडे मुकादम आला. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडायला माणूस हवा होता. पाथर्डी पर्जन्यछायेतला तालुका. इथे माणूस होता आणि पाणी नव्हते. दसरा-दिवाळीला ट्रक लागतो. उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसाची मोजणी हत्याराच्या नावाने! हौद्यात भांडी, सरपण, कोंबडी, तान्हे मूल, म्हातारी, आणि वर ताडपत्री. ट्रकच्या तोंडावर कोणत्या कंपनीचे नाव आहे हे त्या मुलांना पाठ असते. ती मुले शाळेच्या हजेरीपटावर नसतात.

आणि टायरगाडी. शहरातल्या वाचकाला ही माहीत नसेल म्हणून सांगतो. जुन्या बैलगाडीला लाकडी चाक आणि लोखंडी धाव. तिच्यात ऊस कमी बसे, चाक रुते. मग लोखंडी साट्याला रबरी टायर लावलेली गाडी आली. बैल तोडणाऱ्याचे, गाडी कारखान्याची, आणि गाडीचे भाडे तोडणाऱ्याच्या बिलातून कापायचे. दीड-दोन टन ऊस एका खेपेला. डोक्यावर मोळी वाहून ट्रक भरणारे ते डोकीसेंटर, आणि टायरगाडीवाले ते गाडीसेंटर. मोटार उद्योगातली सगळ्यात पुढे गेलेली वस्तू म्हणजे हवेचा टायर. ती आमच्यापर्यंत आली, पण इंजिन गाळून आली. इंजिनाच्या जागी बैल आणि बैलाच्या पुढे आमचा माणूस. वतनातला महार गाडीपुढे पळत होता तो पगार न घेता. इथे उचल घेऊन पळतो, आणि उचल फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा पळतो.

ऊसतोड हा एकट्या दलितांचा प्रश्न नाही हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्या तालुक्यात वंजारी बांधव मोठ्या संख्येने जातात, मातंग जातात, भिल्ल जातात, बौद्ध जातात. ट्रकच्या हौद्यात सगळे एकमेकांच्या अंगावर बसतात. पण फडाजवळ कोप्या पडतात तेव्हा कोणाची कोपी कुठे पडते ते बघा. पाण्याच्या टाकीला आधी हात कोणाचा लागतो ते बघा. एका ट्रकमधून गेलेली माणसे उतरताना पुन्हा जातीत उतरतात. ही एकजूट व्हावी असे आम्हाला वाटते, आणि ती कोप्यांची मांडणी बदलल्याशिवाय होणार नाही असेही वाटते.

आज चित्र काय आहे? आपल्या पोरांनी आयटीआय केले आहे. डिझेल मेकॅनिक, फिटर, वेल्डर. चाकणला, रांजणगावला, सुप्याला जातात. ट्रेनी म्हणून घेतात, ठेकेदारामार्फत घेतात, काही महिन्यांत ब्रेक देतात, पुन्हा दुसरा ठेकेदार. कार्डावर कंपनीचे नाव नसते. आमच्या ओळखीच्या एका मुलाने तीन वर्षांत चार ठेकेदार पाहिले, लाइन मात्र एकच होती आणि पानाही तोच. २००६ नंतर उद्योगांच्या संघटनांनी सामाजिक समावेशाची स्वेच्छेची आचारसंहिता केली. स्वेच्छेने वतन गेले असते तर १९२८ ला विधेयक आणावे लागले नसते.

दुसरीकडे जे दार आपल्यासाठी उघडले होते तेच आता बंद होत आहे. एस.टी.त भाड्याच्या गाड्या, त्यावर ठेकेदाराचे ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरला राखीव जागा नाही, बिल्ल्यामागे संविधान नाही. २०२१-२२ चा लांबलेला संप पगाराचा आणि विलीनीकरणाचा म्हणून गाजला. आपल्या संघटनांनी त्याकडे आरक्षणाचा संप म्हणून पाहायला हवे होते. आम्हीही ते पुरेसे केले नाही, ही चूक कबूल करतो.

म्हणून पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या तरुणांना एक काम सांगतो. दसऱ्याच्या आधी, ट्रक लागायच्या आत, प्रत्येक वस्तीत दोघांनी वही घेऊन बसावे. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावे : पहिल्यांदा मोटारीत कधी बसलात, कुठे निघाला होता, शेजारी कोण बसले होते? घरात पहिला ड्रायव्हर कोण झाला, पाना कोणी शिकवला, पहिली लुना किंवा सायकल कोणत्या साली आली? मुकादमाची पहिली उचल किती होती आणि ती फिटली का? टायरगाडीचे भाडे बिलातून किती कापले, चिठ्ठी असेल तर तिचा फोटो काढावा. आणि एस.टी.तून निवृत्त झालेल्यांचे नेमणुकीचे आदेश, बिल्ले, डेपोतले जुने फोटो जपून गोळा करावेत. यंदाच्या हंगामाचे मुकादम गावात फिरू लागले आहेत. म्हातारी माणसे ट्रकमध्ये चढण्याआधी त्यांच्याकडे जा.